रुमालाखालचा सौदा

बोलणाऱ्याची बोरं विकली जातात म्हणतात. वलगावचा सागर मात्र न बोलता विमानं विकायचा. एका परदेशी विमान कंपनीच्या दिल्लीतल्या कचेरीत त्याच्याइतकी विमानं कुणीच खपवली नव्हती. इतर विक्रेते तक्ते दाखवत, इंधनाची बचत समजावून सांगत, मोठमोठ्या हॉटेलांत जेवायला नेत. सागर समोरच्या मालकाचा हात हातात घेई आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवी. हात गार पडला, अंगठा ताठरला, की हा गडी अजून वर चढणार हे त्याला कळे. ही विद्या भाजीबाजारातली आहे, हे त्यानं साहेबांना कधी सांगितलं नाही.

सौदा निसटला की तो हॉटेलच्या खोलीत भिंतीवर मुठी मारी, रक्त निघेपर्यंत. एकदा दुसऱ्या कंपनीच्या माणसानं त्याच्या बोलण्याची नक्कल केली, तर सागरनं लिफ्टमध्ये त्याचं डोकं पत्र्यावर आपटलं. कंपनीनं प्रकरण मिटवलं, कारण दुभत्या गाईच्या लाथा गोड. त्याची बायको हर्षा तेवढी म्हणायची, की हे हात दुसऱ्याच कुणाला मारायला शिवशिवतात.

ते खरंच होतं, आणि त्या दुसऱ्याचं नाव होतं शेखर. सागर कॉलेजात होता तेव्हा त्याचे वडील उत्तमराव मळ्यातली गोबी घेऊन अकोल्याच्या बाजारात जात. तिथं भाव तोंडानं ठरत नसे. अडत्या आणि माल आणणारा, दोघं रुमालाखाली हात घालत आणि बोटं दाबून आकडा सांगत. बोट दाबलं की सौदा झाला, मग आभाळ कोसळलं तरी फिरायचं नाही. ही हत्ता पद्धत कायद्यानं बंद केली, बाजारानं नाही. एका सकाळी, सागरही बरोबर असताना, उत्तमरावांनी शेखर अडत्याचा भाव नाकारला आणि शेजारच्या अडत्याला माल दिला. शेखर अंगापिंडानं रेडा. त्यानं चौघांदेखत उत्तमरावांचा उजवा हात काट्याच्या लोखंडी पारड्यावर दाबून धरला आणि पाच किलोचं वजन त्यावर आपटलं. पुन्हा आपटलं. हाडं फुटताना सागरनं ऐकली. तो धावला तेव्हा कुणीतरी त्याच्या बरगडीत लाथ घातली, आणि सारा बाजार बघत राहिला.

बोटं जुळली ती वाकडीच. रुमालाखाली उत्तमराव कोणता आकडा सांगतात ते कुणाला उमगेना, आणि तेवढ्यानं माणूस बाजारातून उठला. मग त्यांनी अमरावतीत हातगाडीवर भाजी विकली आणि पोराला इंजिनीअर केलं. शेखरचं नाव त्यांनी घरात कधी काढलं नाही. सागरनं ते मनात रोज काढलं.

आणि आता नशिबाची करणी बघा, तोच शेखर विमानं घ्यायला निघाला. अडतीवरून ट्रक, ट्रकांवरून बसगाड्या, असं करत शेखरभाऊ झालेला हा माणूस. अमरावतीहून विमान उडायला लागल्यावर लहान गावं जोडणारी विमानसेवा काढायचं त्याच्या मनानं घेतलं. साहेब सागरला म्हणाले, तुझाच मुलूख आहे, हा सौदा आण आणि सिंगापूरला साऱ्या आशियाचा प्रमुख होऊन बस. हर्षानं जाऊ नका म्हणून परोपरीनं विनवलं. धंदा तो धंदा, असं सांगून सागर निघाला, आणि त्याला स्वतःलाही ते खरंच वाटत होतं.

अकोल्याच्या बंगल्यात शेखरभाऊनं त्याला पाहताक्षणी ओळखलं. केस पांढरे झाले होते, पण मनगट अजून तसंच जाड होतं. सागरनं कागद काढले तेव्हा त्यानं ते हातानं बाजूला सारले.

"उत्तमरावचा ना तू? मंग हे राहू दे. आपून बाजारातली माणसं, रुमालाखाली करू."

त्यानं खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकला. सागरला वाटलं होतं, हा लुबाडायला बघेल, आणि मग तिरस्कार करणं सोपं जाईल. पण शेखरभाऊनं बोटं दाबली ती मागितलेल्या पूर्ण भावाला. एक पैसा कमी नाही. सौदा झाला होता, सिंगापूर मिळालं होतं, फक्त हात काढून घ्यायचा बाकी होता. तेवढ्यात शेखरभाऊ मोठ्यानं हसला.

"तुया बापाची बोटं म्या मोडली नसती, तं तू बी आज गोबीच विकून राहिला असता. माये उपकार मान."

रुमाल अजून वरच होता. त्याच्याखाली सागरनं त्याची करंगळी आणि शेजारचं बोट मुठीत धरलं आणि उलटं पिळलं. काडी मोडावी तशी ती मोडली. मग मधलं बोट धरलं, ते मोडायला जास्त जोर लागला. शेखरभाऊ खुर्चीवरून गुडघ्यांवर आला, आणि किंचाळण्याआधी क्षणभर नुसताच रुमालाकडे बघत राहिला. मग त्याची माणसं धावून आली. त्यांनी सागरच्या तोंडावर खुर्ची हाणली, खाली पाडून पोटात, पाठीत लाथा घातल्या. नाकाचं हाड गेलं, दात तुटून जिभेवर आला. फरशीवर रक्त थुंकत सागर हसत होता. इतका आनंद त्याला एकाही विमानानं दिला नव्हता.

फाटकाबाहेर फेकून दिलेला सागर उठला आणि तसाच गाडी चालवत, दर्यापूरवरून, वलगावला आला. त्याची आई माणिकबाई त्याला बघून पाणी आणायला आत धावली. उत्तमराव अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होते.

"आबा, मोडली त्याची बोटं," सागर म्हणाला. हे वाक्य त्यानं वर्षानुवर्षं घोकलं होतं.

उत्तमरावांनी जुडी खाली ठेवली. "कुठी मोडली?"

"त्याच्या घरी. रुमालाखाली."

"भाव सांगतला होता त्यानं?"

"हो."

"पुरा?"

सागरनं ओठावरचं रक्त पुसलं. मग मान हलवून हो म्हणाला.

"मंग सौदा झालता," उत्तमराव म्हणाले. "त्यानं माया हात मोडला तो चौघात मोडला. पापच होतं, पण उजेडात होतं. रुमालाखाली त्यानं बी कधी कोणाले दगा नाई देल्ला. हे काय करून आला रे तू?"

तुमच्यासाठीच केलं, असं सागर ओरडला आणि मेथीची टोपली त्यानं लाथेनं उडवली. म्हातारा जागचा हलला नाही. मला विचारलं होतं का, एवढंच त्यानं विचारलं, आणि सांडलेली मेथी गोळा करायला वाकला.

सकाळी उत्तमराव धुतलेलं धोतर नेसून एसटीच्या थांब्यावर गेले. सागरनं गाडी आणली, ते बसले नाहीत. अकोल्यापर्यंत सागर सुजलेल्या डोळ्यानं एसटीच्या मागं मागं गाडी चालवत राहिला. काहीही करा पण शेखरच्या दारात जाऊ नका, हे बापाला सांगायचं होतं, आणि सांगायचं तोंड उरलं नव्हतं.

शेखरभाऊ ओसरीत बसला होता, हाताला प्लास्टर. उत्तमरावांनी फाटकातूनच हात जोडले. उजवी बोटं सरळ होईनात, म्हणून डाव्या हातानं ती ओढून त्यांनी नमस्कार जुळवला.

"पोरगं माया हाये, भाऊ. रुमालाचा मान त्यानं घालवला. माफी मी मांगतो."

शेखरभाऊ त्या बोटांकडे बराच वेळ बघत राहिला. मग गड्याला म्हणाला, "म्हाताऱ्याले खुर्ची दे. पोराले आत घेऊ नोको."

गड्यानं उत्तमरावांना आत घेऊन फाटक लावलं. सागर बाहेर उन्हात उभा राहिला आणि गजांतून बघत राहिला. साऱ्या बाजारानं मार खाताना पाहिलं तेव्हाही बापानं त्या माणसापुढं हात जोडले नव्हते. आज जोडले, ते पोरामुळं. सागरला रडू फुटलं आणि काही केल्या ते थांबेना.