दुधाची दाढ

दसरा झाला की फुलंब्रीजवळच्या त्या वस्तीवर भांडी गोणीत भरली जातात आणि नवरा-बायकोच्या जोड्या ऊसतोडीला निघतात. यंदा नेमक्या त्याच गडबडीत डॉ. विशाखा दातांच्या सर्वेक्षणाला आली. मोबाइलच्या ॲपमध्ये वय भरायचं, तोंड तपासायचं, एकेका दाताची नोंद करायची आणि पुढचं घर गाठायचं, असं तिचं काम.

कडूबाईनं तिला आपणहून हाक मारली. मिश्री लावून लावून तिच्या स्वतःच्या तोंडात मोजकेच दात उरले होते, पण तक्रार नव्या सुनेची होती.

"आमच्या रूपाची दाढ दुखायलीय. उद्या कारखान्यावर जायचंय. तिथं बसून राहिली तर मुकादम खाडा लावून पैसे कापतो. काढा एकदाची."

"वय?"

"अठरा. आधारवर बी तेच हाय."

रूपानं पदर सावरत आ केला. विशाखानं बॅटरी धरली. दुखणारी दाढ हलत होती. ती दुधाची होती. आजूबाजूच्याही दुधाच्याच होत्या आणि बारा-तेराव्या वर्षी येणाऱ्या मागच्या दाढा अजून हिरडीबाहेर आल्या नव्हत्या. वय अठरा टाकल्यामुळे ॲप दुधाच्या दाताची नोंदच घेईना. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

"मावशी, ही पोर फार तर बाराची असेल."

कडूबाईचा चेहरा पडला, आवाज मात्र चढला. "मुकादमाला जोडी लागती, बाई. एकट्या गड्याला कोण नेतंय? मी बी अशीच आल्ते. मेले का?"

मेली नाही म्हणजे भलं झालं, असा आपल्याकडचा न्याय.

रूपानं हळूच विचारलं, "मॅडम, दाढ पडली तर मलाच देताल? पत्र्यावर टाकायचीय. आई म्हणायची, मग नवी चांगली येती."

विशाखानं वरिष्ठांना, अतुल सरांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "सासू सांगते ते वय राहू दे. ती दाढ नोंदीतून गाळ. आपण दात तपासायला आलोय, संसार नाही."

तिनं दाढ गाळली नाही. वय बारा केलं, तसं दुधाच्या दातांचं पान उघडलं. मग तिथंच, कडूबाईच्या देखत, तिनं मुलांच्या मदतीच्या नंबरवर तक्रार नोंदवली. तिची चूक झाली ती इथंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बालसंरक्षणाच्या पथकाला घेऊन आली तेव्हा कडूबाईच्या दाराला कुलूप होतं.

"कुठल्या कारखान्यावर गेले?" तिनं विचारलं. जमलेली माणसं एकेक करून आपापल्या घराकडं वळू लागली. रूपाच्या लग्नात अक्षता टाकायला हीच सगळी होती. पोरीचं वय कुणाला ठाऊक नव्हतं?

अखेर शेजारची शमशादबी पुढं आली. तिनं मूठ उघडली. तळहातावर इवलीशी दाढ होती.

"तुम्ही गेल्या अन् कडूबाईनं लगेच ट्रक बोलावला. पोरगी लई रडली, त्यातच दाढ पडली. ट्रकमधनंच पत्र्यावर फेकली तिनं, पोचली नाय." तिनं आवाज खाली आणला. "कन्नडच्या रस्त्याला लागलेत. पण माझं नाव घेऊ नका."

"नाव लागेल, मावशी. साक्ष कोण देणार?"

शमशादबीनं आपल्या दाराकडं पाहिलं. तिथं तिची नात तोंडात बोट घालून उभी होती.

"लिव्हा मग," ती म्हणाली.

विशाखा पत्र्याकडं बघत होती. दाढ वर टाकणं तिला सहज जमलं असतं. तिनं ती रुमालात बांधली आणि जीपमध्ये बसली.

"चला. तिची तिलाच टाकू दे."