वेळ लागणारे पेशंट

मुलीच्या दवाखान्यात मी रोज दुपारी डबा घेऊन जातो आणि ती मोकळी होईपर्यंत बाहेरच्या बाकावर पुस्तक उघडून बसतो. वाचून किती होतं, ते विचारू नका. डबा मात्र रोज थंड होतो.

दवाखाना दोघांचा, तिचा आणि एका भागीदार डॉक्टरांचा. वाटणी पेशंटच्या संख्येवर. सर्दी-खोकलेवाले भागीदारांकडे जातात आणि आत शिरले न शिरले तोच बाहेर येतात. झोप न लागणारे, सुनेशी न पटणारे, 'आणखी एक विचारायचं होतं' म्हणणारे सगळे माझ्या मुलीच्या वाट्याला. ती उशिरापर्यंत राबते आणि भागीदारांच्या निम्मेच पैसे घरी आणते. माझी बायकोही याच दवाखान्यात डॉक्टर होती, भागीदारांच्या वडिलांबरोबर. तेव्हाही हेच. "दवाखान्यात फक्त खुर्च्या नव्या आल्या," असं ती म्हणते आणि भांडी जरा जास्तच आपटते.

परवा मुलीने भागीदारांना सांगितलं, वाटणी तासांवर करा. दार अर्धवट उघडं होतं. मी ऐकायला नको होतं, पण उठून जायचंही धाडस होईना. भागीदार समजुतीच्या सुरात म्हणत होते की लोकांना गप्पा मारत बसवून घ्या असं तिला कुणी सांगितलेलं नाही, तिने जरा आवरतं घ्यावं.

"बरं," ती म्हणाली. "मग उद्यापासून तुमच्या आईंना तुम्हीच तपासा."



दुसऱ्या दिवशी काकू, म्हणजे भागीदारांच्या आई, मुलाच्या खोलीत गेल्या आणि मी पान उलटायच्या आत बाहेर आल्या. "बीपी बघितलं आणि म्हणाला, अजून काही? मी म्हटलं, नाही रे बाबा." मग सवयीने माझ्या मुलीच्या दाराशी येऊन बसल्या. झालं, मला वाटलं, आता ही विरघळणार. ती बाहेर आलीही. पण काकूंचा हात धरून तिने त्यांना पुन्हा मुलासमोर नेऊन बसवलं.

"यांचं सांगून झालेलं नाही," एवढंच बोलून तिने दार लोटलं आणि भागीदारांचे खोळंबलेले सगळे खोकले आपल्या खोलीत बोलावले.

ते दार काही उघडायचं नाव घेईना. मुलीने त्या दिवशी डबा गरम असताना खाल्ला. शेवटी भागीदार बाहेर आले आणि रिकाम्या बाकांकडे बघत राहिले.

"तासांवर करू या," ते म्हणाले. "पण आईला तुम्हीच बघा."

"बघीन. तासांवर."

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती खूश होईल असा माझा अंदाज होता. माझे अंदाज असेच असतात.

"याच बाई तरुणपणी माझ्याकडे येऊन बसायच्या," ती म्हणाली, "नवरा ऐकून घेत नाही म्हणून. इतकी वर्षं. मला कसं नाही सुचलं?"

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी डबा घासायला घेतला.

"तो तरी नीट घासा," ती म्हणाली.