गांधीलमाशी आणि गेझीनेचे प्रश्न

फोल्कर्टला रस्ता नीट दिसेनासा झाला, तेव्हा वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी त्याच्या बायकोने, गेझीने हार्म्सने, गाडी शिकायचं मनावर घेतलं. त्यांच्या देशात लायसन्ससाठी आधी दिवसभराचा प्रथमोपचाराचा वर्ग करावा लागतो. तो गावच्या अग्निशमन केंद्रात होता. बाकी सगळी सतरा-अठराची पोरं मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलेली. ही पहिल्याच खुर्चीवर, वही उघडून.

शिकवणारी इन्झा एरवी आगीचा बंब चालवायची. बेशुद्ध माणसाला कुशीवर कसं वळवायचं, ते तिने दाखवलं. गेझीनेचा हात वर.

"उताणाच राहू दिला तर काय होतं?"

"जीभ मागे पडते, हार्म्सबाई. उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते."

"आणि त्याला श्वासच नसेल तर?"

"तर वळवत बसायचं नाही. लगेच छाती दाबायला लागायचं."

दुपारपर्यंत पोरं तिचे प्रश्न मोजू लागली होती. "चौदावा!" मागून कोणीतरी कुजबुजलं. पंधरावा आला, "गांधीलमाशी घशात चावली तर?"

वर्ग फिदीफिदी हसला. इन्झा हसली नाही.

"आलुबुखारं पिकली की हे खरंच घडतं. ११२ ला फोन करायचा. माणसाला ताठ बसवायचं. चोखायला बर्फ द्यायचा, मानेला बाहेरून थंडावा. घसा आतून सुजतो. किती वेगाने, ते कुणालाच सांगता येत नाही."

गेझीनेने ते लिहून घेतलं.

पुढच्या रविवारी शेजारचा रेंके चहाला आला. अंगणात आलुबुखारांचा केक होता, आणि केकवर गांधीलमाश्या.

"काय डॉक्टरीणबाई, पास झालात का?" रेंकेने विचारलं.

"तिने त्या इन्झालाच नापास केलं असेल," फोल्कर्ट म्हणाला.

रेंके हसत हसत केकचा मोठा घास घेऊन चावू लागला आणि एकदम थांबला. घास बशीत थुंकला. त्यात अर्धी चिरडलेली गांधीलमाशी होती.

"घशाशी चावली," तो म्हणाला. "काही नाही, घरी जाऊन जरा पडतो." पण आवाज घोगरा झाला होता.

"पडायचं नाही! बस इथे, ताठ!"

गेझीनेने फोन लावला आणि वय, पत्ता, काय झालं ते एका दमात सांगितलं. मग आत धावली. बर्फ नव्हता. फ्रीझरमध्ये गोठलेले मटार होते आणि नातवंडांच्या आइसकांड्या. मटारांची पिशवी फडक्यात गुंडाळून तिने रेंकेच्या मानेला लावली आणि लाल आइसकांडी त्याच्या हातात दिली.

"चोख. बोलू नकोस. फोल्कर्ट, टेबलावरचं कापड घेऊन रस्त्यावर उभा राहा, ॲम्ब्युलन्सला घर सापडायचं नाही!"

डोळ्यांनी अधू फोल्कर्ट कुंपणाबाहेर उभा राहून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला ते कापड हलवून दाखवू लागला. इकडे अडुसष्ट वर्षांचा रेंके लहान मुलासारखा आइसकांडी चोखत होता आणि डोळे विस्फारून गेझीनेकडे बघत होता. ती त्याचा श्वास कान देऊन ऐकत होती. मध्येच शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. तिने त्याचा हात घट्ट धरला.

बाराव्या मिनिटाला ॲम्ब्युलन्स आली. सुई टोचणाऱ्या तरुणाला तिने विचारलंच, "यात काय आहे? सूज कशी उतरते याने?"

"ॲड्रेनलिन. आत्ता सांगत बसायला वेळ नाही, बाई," तो म्हणाला. पण दार लावताना वळला. "आइसकांडीचं छान सुचलं तुम्हाला."

गाडी गेली. फोल्कर्टने तिला खुर्चीत बसवून कोमट झालेला चहा पाजला.

रेंके मंगळवारी इस्पितळातून परत आला, घोगरा पण धडधाकट. बराच वेळ कुंपणाशी चुळबुळत राहिला.

"एक विचारू? त्या दिवशी तो घास तुझ्या तोंडात असता तर?"

गेझीनेने नवऱ्याकडे पाहिलं. फोल्कर्टने खांदे उडवले. "मी कापड हलवलं असतं."

"मग आता शिकाच," ती म्हणाली आणि सरळ गवतावर उताणी पडली. "समजा, मी बेशुद्ध आहे, श्वास चालू आहे. आता?"

दोघे म्हातारे कण्हत तिच्या दोन बाजूंना गुडघ्यांवर बसले.

"आधी हा हात," रेंके म्हणाला.

"हा का? तो का नाही?" फोल्कर्टने विचारलं.