मुक्काम खोटा सांगायचा न्हाई

कॉलनीत कुणाला पासपोर्ट काढायचा झाला की तो आधी विष्णुपंतांच्या ओसरीत यायचा, पासपोर्ट ऑफिस नंतर. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं हजेरीपट आणि टपाल सांभाळलेला माणूस तो, निवृत्त झाला म्हणून कागद थोडाच सुटतो? सांगलीबाहेरच्या या नव्या वस्तीत निम्मे प्लॉट अजून रिकामे होते आणि हंगामात तिथं हळद वाळत पडायची. पण परदेशी निघालेली पोरं घरटी एक. सहा वर्षांत पंतांनी एकतीस अर्ज भरले आणि एकही परत आला नाही. हे ते स्वतःच सांगत, आणि रोज सांगत. विनोदिनीबाई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, म्हणायच्या, "स्वतः पुण्याच्या पुढं गेले नाहीत, आणि साऱ्या कॉलनीला विमानात बसवतायत."

बत्तिसावा अर्ज शेजारच्या हरणाबाईंचा. धनगराची बाई. मूळ गाव जतच्या बाजूचं, दुष्काळी. नवरा नानासो तीनशे मेंढरं घेऊन दिवाळीनंतर निघायचा तो पावसाच्या तोंडाला परतायचा, आणि हरणाबाई त्याच्याबरोबर. पोरगी पल्लवी तेवढी शिकली, नर्स झाली, मस्कतला नोकरीला लागली, आणि तिच्याच पगारातून कॉलनीत हे दोन खोल्यांचं घर उभं राहिलं.

तीच पल्लवी आता सात महिन्यांची गरोदर होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण वार गर्भाशयाच्या तोंडाशी सरकलेली, म्हणून डॉक्टरनं विमान बंद केलेलं. नवरा रविराज तेलाच्या साइटवर, पंधरा दिवस घरी आणि पंधरा दिवस वाळवंटात. सासू वारलेली. स्वतः नर्स असून पोरगी घाबरली होती, कारण काय काय होऊ शकतं ते तिला पाठ होतं. हरणाबाईंनी मेंढरं नानासोवर सोडली, शिरवळवरनं एस.टी.नं थेट पंतांची ओसरी गाठली आणि म्हणाल्या, "आवं तात्या, पोरगी येत न्हाई तर आता आमीच जायचं. तेवढं पुस्तक काढून द्या."

अर्ज भरला, फोटो झाला, बोटांचे ठसे झाले. राहिली पोलीस चौकशी. पंतांच्या मते त्यात काही राम नव्हता. हवालदार येतो, चहा पितो, शेजाऱ्याची सही घेतो आणि जातो. तरी खबरदारी म्हणून त्यांनी हरणाबाईंची तयारी करून घेतली. "कुठं राहता विचारलं तर म्हणायचं, इथंच. किती दिवस? तीन वर्षं. पुढं अवाक्षर बोलायचं नाही." हरणाबाईंनी ऐकून घेतलं. हो म्हणाल्या नाहीत, पण ते पंतांच्या ध्यानात आलं नाही. त्यांनी आपला जबाबही आधीच लिहून ठेवला होता, वळणदार अक्षरात: सदर महिला माझ्या शेजारी तीन वर्षांपासून सलग वास्तव्यास आहेत.

शनिवारी सकाळी हवालदार आला. वीरधवल नाव, तिशीतला, बोलायला मऊ. ओसरीत बसून पंतांचा जबाब हातात घेत त्यानं विचारलं, "मावशी, गेलं वर्षभर इथंच राहताय ना?"

"न्हाई," हरणाबाई म्हणाल्या.

पंतांना ठसका लागला. त्यांनी डोळे वटारले, पायानं खुर्ची सरकवली, विनोदिनीबाईंना उगाच हाक मारली. काही उपयोग झाला नाही. बाई शांतपणे सांगत होत्या. दिवाळीची भाऊबीज करून निघालो. पैला मुक्काम तासगावच्या अल्याड. माघात कोरेगावला आप्पासोच्या रानात. आता मालक शिरवळच्या वर हायती, म्या तिथनंच आले.

वीरधवलनं पेन खाली ठेवलं. "म्हणजे वर्षातले सात-आठ महिने तुम्ही इथं नसताच."

"नसतो की."

"पंत, तुम्ही तर इथं सलग लिहिलंय."

विष्णुपंतांना उभ्या आयुष्यात असं कुणी धरलं नव्हतं. कान तापले. ते नुसतंच "म्हणजे तसं..." म्हणाले आणि थांबले.

वीरधवल बरा माणूस होता, त्यानं आवाज चढवला नाही. "मावशी, मला तुमचं वाईट करायचं नाही. पण तुमच्याच तोंडानं तुम्ही राहत नाही म्हटलंत, आता मी राहतात असं लिहू कसा? सोमवारी रिपोर्ट जाणार. तोवर कुठं कुठं होता याचा काहीतरी पुरावा आणा. नाहीतर मला 'पत्त्यावर वास्तव्य नाही' लिहावं लागेल, आणि मग अर्ज अडला." तो गेला. चहा तसाच राहिला.

मग पंतांचा तोल सुटला. "अहो, पाठ करून घेतलं होतं ना मी? एक शब्द. इथंच. एवढं बोलायला काय जीभ झडणार होती? तिकडं पोरगी दिवस मोजतेय, आणि तुम्ही इथं हरिश्चंद्राचा अवतार."

हरणाबाई उंबऱ्याशी बसल्या होत्या. रडत नव्हत्या, पण पदराचा काठ बोटाला गुंडाळत होत्या. म्हणाल्या, "तात्या, तुमी रागवा, तुमचा हक हाय. पण माझं आईका. कुठल्या बी गावात मोटर चोरीला गेली, कुणाची शेळी गेली, की पोलीस पैला आमच्या तळावर येतो. काल कुठं हुता, म्हणतो. आमच्याकडं काय हाय दावायला? सातबारा न्हाई, पावती न्हाई. नुसता मुक्काम हाय. काल रातीला अमक्याच्या रानात हुतो, एवढंच. तो इचारतो, तो माणूस व्हय म्हणतो, आन् आमी सुटतो. तो मुक्काम एकदा खोटा निघाला की आमी कायमचं चोर. माझ्या सासऱ्यानं लग्नाच्या दुसऱ्या दिशी मला सांगितलं हुतं, भाकर करपली तर चालंल, मुक्काम खोटा सांगायचा न्हाई. तीस वर्सं झाली. पोलिसाम्होरं माझी जीभच वळत न्हाई तात्या. म्या तरी काय करू?"

पंतांनी हवालदाराचा गार झालेला चहा उचलला आणि आत नेला.

संध्याकाळी पल्लवीचा फोन आला. आईनं तिलाही खरं ते सांगितलं. पोरगी फोनवर फुटली. "आई, माझ्यासाठी एकदा खोटं बोलली असतीस तर काय झालं असतं गं? मला इथं एकटीला भीती वाटती. रात रात डोळा लागत न्हाई."

"आगं, खोट्या पायानं तुझ्या उंबऱ्यात कशी यिऊ?" हरणाबाई म्हणाल्या. "खऱ्यानं यीन. तू जीव घट कर." फोन ठेवल्यावर मात्र त्यांनी भिंतीकडं तोंड केलं, आणि विनोदिनीबाई जवळ जाऊन नुसत्या बसून राहिल्या.

रविवारी सकाळी पंतांनी पंचांगाचं कॅलेंडर खिळ्यावरनं काढलं, मागच्या वर्षाचं माळ्यावरनं शोधलं, फूटपट्टी घेऊन मोठ्या कागदावर रकाने आखले आणि शेजारी हाक मारली. "या. गेल्या वर्षी आजच्या दिवशी कुठं होता, तिथनं सांगा. कालपर्यंत."

खरं सांगायचं तर त्यांना आशा नव्हती. आपल्याला गेल्या मंगळवारची भाजी आठवत नाही, आणि ही बाई वर्ष सांगणार? पण हरणाबाई सांगू लागल्या आणि पंतांची पेन्सिल मागं पडायला लागली. तारखा त्यांना ठाऊक नव्हत्या. पण पाडवा कुठं झाला, अक्षयतृतीयेला कुणाच्या विहिरीवर मेंढरं धुतली, कुठल्या रानात शाळू निघाला होता आणि कुठं ऊस तुटला होता, किती राती बसलो, हे सगळं ओळीनं. शेतकरी आपल्या रानात रात्रीची मेंढरं बसवून घेतो, लेंड्यांचं खत होतं म्हणून. त्यामुळं प्रत्येक रात्रीला एक रान, आणि प्रत्येक रानाला एक मालक. मग ज्येष्ठात घरी, बेंदूर घरी, घट घरी, दिवाळी घरी. मग पुन्हा वाट.

दुपारी पंतांनी बेरीज केली. मुक्काम एकेचाळीस. बाहेरच्या राती दोनशे चौदा, घरच्या एकशे एक्कावन्न. एकूण तीनशे पासष्ट.

त्यांनी परत बेरीज केली. तीनशे पासष्टच. मग ते बाईंना उलटसुलट विचारायला लागले. पौर्णिमेला कुठं? संक्रांतीच्या आदल्या दिवशी? होळीच्या आधी पाचवी रात्र? उत्तर दरवेळी त्याच रकान्यात जाऊन बसायचं. चौतीस वर्षं पंतांनी हजेरीपट तपासले होते. पदवीधर माणसांचे, शिक्क्यासह, सहीसह. एकाही हजेरीपटाची बेरीज पहिल्या फटक्यात जुळली नव्हती, आणि मागाहून जुळली ती कशी जुळवली गेली हे पंतांना आतून ठाऊक होतं. इथं एक बाई उंबऱ्याशी बसून तोंडानं वर्षाचा हिशेब देत होती आणि त्यात एक रात्र इकडची तिकडं नव्हती. पंतांनी चष्मा काढून पुसला. "विनोदिनी," ते म्हणाले, "या बाईला मी काल खोटं बोलायला शिकवत होतो."

"मला ठाऊक आहे," विनोदिनीबाई म्हणाल्या. "जेवून घ्या."

सोमवारी दोघं रिक्षानं चौकीत गेली. वीरधवलनं तो तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाला, "पंत, कागद झकास आहे. पण हा तुम्ही लिहिलाय. आणि तुमचा एक कागद माझ्याकडं आधीच आहे." पंतांनी मान खाली घातली. "मावशी, या लोकांचे नंबर आहेत?"

होते. मोबाइलमध्ये सगळे होते. वीरधवलनं डोळे मिटल्यासारखं करून तक्त्यावर बोट टेकवलं. माघातल्या अकरा राती, कोरेगाव, आप्पासो. त्यानं फोन लावून स्पीकर सुरू केला.

"पोलीस?" पलीकडून आवाज चढला. "काय झालं हरणाबाईला?"

"काही नाही झालं. त्या तुमच्याकडं कधी होत्या, किती दिवस?"

"माघात. घेवडा निघालेल्या रानात बसली मेंढरं. अकरा राती. बाराव्या दिशी गेली. का वं सायेब?"

"राहण्याचा पत्ता पडताळतोय. त्या एका जागी राहत नाहीत, असं येतंय."

"मग माझा पत्ता लावा की," आप्पासो म्हणाला. "सातबारा घिऊन निघू का? तीन तासात सांगलीत येतो."

दुसरं बोट शिरवळवर पडलं, धोंडुबाई. त्या म्हणाल्या, "पाडव्याला हुती. सुनंला अवचित कळा सुरू झाल्या, गाडी यायच्या आत हिनंच सोडवली. नात दावू का तुमाला? तीच माझी तारीख." तिसरा तासगावकडचा शेतकरी तक्रारीच्याच सुरात होता. पाच राती बसतो म्हणाले आन् तीनच बसले, माझं निम्मं रान तसंच राह्यलं, लिहून घ्या. वीरधवलनं तक्ता बघितला. तिथं तीनच लिहिल्या होत्या.

चौथा फोन त्यानं लावला नाही. नवा कागद ओढला आणि लिहिलं, आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं. अर्जदार नमूद पत्त्यावर कायम राहतात. मेंढपाळ व्यवसायामुळे वर्षातील सुमारे सात महिने फिरतीवर असतात. फिरतीचे मुक्काम पडताळले, खरे आढळले. मग त्यानं पंतांपुढं त्यांचा जुना जबाब सरकवला. पंतांनी त्यावर आडवी रेघ मारली, नवा लिहिला, आणि त्यात 'सलग' कुठं आलं नाही ना हे दोनदा बघून सही केली.

बाहेर आल्यावर ते हरणाबाईंना म्हणाले, "बाई, मला माफ करा."

"आवं, असं काय बोलताय तात्या," हरणाबाई म्हणाल्या. "तुमी न्हाई तर ती बेरीज कुणी केली असती?"

बाराव्या दिवशी पासपोर्ट आला. तोवर आप्पासोनं ती गोष्ट वाटेवरच्या साऱ्या रानांत पोचवली होती. कोरेगावचा घेवडा आला, शिरवळहून डिंकाचे लाडू आले, कुठनं तूप, कुठनं हळीव, कुणी बाळासाठी कुंची शिवून धाडली. विनोदिनीबाईंनी वजनकाट्यावर बॅग चढवली तर सामान विमानात चालतं त्याच्या दुप्पट भरलं. काय न्यायचं आणि काय ठेवायचं यावर दोघी बायका दोन दिवस भांडल्या. विमानतळावर सोडायला पंत स्वतः गेले.

चौथ्या दिवशी सकाळी मस्कतहून फोन आला. बाळंतपणाला अजून अवकाश होता. पंतांनी घाईघाईनं विचारलं, "सगळं ठीक ना? आई पोचल्या ना नीट?"

"पोचली काका," पल्लवी म्हणाली. "सांगायला उशीर झाला. आई आल्यापासनं मी नुसती झोपतीय."