शेवटचं अक्षर

"तपासणी नका लिहू हो डॉक्टर! तपासणी लिहिलंत की मेला माझा क्लेम." नलूने कागद पुन्हा डॉक्टर उन्नतींच्या पुढ्यात सरकवला.

"अहो, पण तपासणीच होती ना ती?"

"असू दे. तुम्ही उपचार लिहा."

बोईसरच्या त्या खाजगी हॉस्पिटलात बिलिंगच्या खिडकीमागे नलूची एकोणीस वर्षं गेली होती. विम्याचे फॉर्म भरायचे, जे जे केलं त्याला त्याचा कोड लावायचा, हे तिचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. नुसत्या तपासणीसाठी केलेली भरती विमा कंपनी मानत नाही, हे तिला तोंडपाठ. आता कमरेत सुई घालून मणक्यातलं पाणी काढायचं, तर सुई तीच, पाठ तीच, पाणीही तेच. पण तपासणीसाठी काढलं तर कोडचं शेवटचं अक्षर एक्स, आणि उपचारासाठी काढलं तर झेड. एक्स गेला की फॉर्म परत आलाच म्हणून समजा. आणि झेड लावायचा तर डॉक्टरांच्या कागदातही तसंच लिहिलेलं हवं.

फरक एवढाच, की आजच्या फॉर्मवर नाव होतं दिनानाथ सावे, राहणार चिंचणी. नलूचे बाबा.

वर्षभरात माणूस पार बदलून गेला होता. पन्नास वर्षं चिकूची वाडी राखलेला हा गडी, पण पाऊल उचलायचं म्हटलं की पाय जमिनीला चिकटून बसायचे. धोतर ओलं झालेलं कळायचं नाही. पोटच्या पोरीला अदबीने विचारायचे, "बाई, तुमी कोन?" लोक म्हणाले, वय झालं. दर बुधवारी-गुरुवारी हॉस्पिटलात येणाऱ्या डॉक्टर उन्नतींनी मात्र डोक्याचा फोटो बघून सांगितलं, "मेंदूत पाणी साचलंय. कमरेतून थोडं काढून बघू. चालायला लागले, तर मुंबईला डोक्यात नळी बसवायचं ऑपरेशन करून घ्या. नाही लागले, तर त्याचा उपयोग नाही. ही नुसती परीक्षा आहे, नलूताई."

आणि बाबा परीक्षा पास झाले! सकाळी पाणी काढलं आणि चारच्या सुमाराला ते कॉटवरून आपापले उतरले. खिडकीपर्यंत चालत गेले, वळले, परत आले. नलूकडे बघून म्हणाले, "नलू, वाडीत पानी लावलं काय गो?" नलूला हसावं की रडावं कळेना. मग ते आईकडे वळले. तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाले, "अगो, तू कवा येवढी बारीक झालीस?" आई पदर तोंडात कोंबून बाहेर पळाली.

तर अशा आनंदाच्या दुसऱ्या दिवशी नलू कागद घेऊन डॉक्टरांच्या पुढ्यात उभी होती. डॉक्टर हसल्या. "चालले ना? आराम पडला ना? मग म्हणू या उपचार. मुंबईच्या डॉक्टरांना मी फोन करून नीट सांगते." आणि त्यांनी लिहिलं, 'उपचारासाठी पाणी काढले. रुग्णास आराम. घरी पाठवले.' नलूने शेवटी झेड लावला.

तिसऱ्या दिवशी बाबांचे पाय पुन्हा जमिनीला चिकटले. ते तर होणारच होतं, डॉक्टरांनी तसं सांगून ठेवलं होतं. पण पुढच्या बुधवारी डॉक्टर उन्नती आल्याच नाहीत. त्यांना परदेशात नोकरी लागल्याचं कळलं. त्यांचा फोन लागेना, आणि मुंबईलाही कुणाला त्यांचा फोन गेला नव्हता. आता जे काही बोलायचं ते कागदच बोलणार होता.

मुंबईच्या तरुण डॉक्टरांनी कागद वाचला. "उपचार झालेत की! आराम पडलाय असंही लिहिलंय."

"पडला होता. आता परत तसंच झालंय."

"मग तिकडेच पुन्हा पाणी काढून घ्या. आमच्याकडे ऑपरेशनची रांग मोठी आहे. ज्यांची परीक्षा होऊन चालणं सुधारल्याचं कागदावर आहे, त्यांना आधी घेतो. यांना तीन महिन्यांनी आणा, बघू."

ती परीक्षाच होती! नलूच्या अगदी ओठांवर आलं. पण क्लेम आदल्याच दिवशी पास झाला होता. मीच शब्द बदलायला लावला असं इथे बोलून गेले आणि ते कंपनीच्या कानावर गेलं तर? नोकरी गेली, हॉस्पिटलचं नाव गेलं, डॉक्टरही गोत्यात. तीन महिनेच तर आहेत, असं तिने मनाला समजावलं. खुर्चीतल्या बाबांच्या पायात चप्पल सरकवली आणि "येते" म्हणून निघाली.

दोनच महिन्यांत बाबा न्हाणीपाशी पडले. खुब्याचं हाड मोडलं, अंथरूण धरलं, छातीत कफ भरला आणि एका दुपारी सगळं संपलं. जाताना ते नलूला बाईच म्हणत होते.

दिवसकार्य झाल्यावर शेजारची मेघाली भेटायला आली. आई तिला सांगत होती, "आमच्या नलूनं सगलं निस्तरलं गो. कागदात असं काय लिवलं, का कंपनीवाल्यांनी गपचूप मान डोलावली. पोरगी हुशार हाय म्हनून."

मेघाली गेल्यावर नलूने आईपुढे बसकण मारली आणि सगळं सांगितलं. एक्स, झेड, मुंबईचे डॉक्टर आणि आपण गिळलेलं ते एक वाक्य, काही म्हणून मागे ठेवलं नाही.

आई वाल सोलत होती. तिचे हात थांबले. "मंग तवा बोलली का नाय?"

"घाबरले, आई."

"बोलली असतीस तर ते उठले असते?"

"उठले असते. बहुतेक उठले असते."

आईने सोललेले वाल एका बाजूला सारले. मग हळूच म्हणाली, "म्हंजे त्या दिवशी ते चालले, माज्याशी बोलले, ते खरंच झालं होतं?"

"खरंच झालं होतं, आई."

"मला वाटलेलं, मीच सपान बघितलं."

नलू हमसून हमसून रडायला लागली. आईने तिला जवळ घेतलं नाही, बोलही लावला नाही. उठली आणि चुलीपाशी गेली. सवयीने तिघांचं पीठ परातीत काढलं, जराशी थांबली आणि दोन मुठी परत डब्यात टाकल्या. भाकऱ्या भाजून झाल्यावर तिने नलूचं ताट वाढलं, त्यावर दुसरं ताट झाकलं आणि स्वतः न जेवता ओसरीवर जाऊन बसली.