ताईने दिलेला सूर

मी चेलो बोलतोय. व्हायोलिनचा थोरला भाऊ म्हणा हवं तर. खांद्यावर मावत नाही, म्हणून गुडघ्यांत धरून वाजवतात. आता बोलायचाही कंटाळा येतो, पण एकदाचं सांगून टाकतो.

ज्या कारागिराने मला घडवलं, त्याने माझं लाकूड सहा वर्षं माळ्यावर वाळत ठेवलं होतं. त्याच्या दुकानातून मला घरी आणलं ते दोघा भावंडांनी. थोरली ताई व्हायोलिन वाजवायची. मी धाकट्याच्या वाट्याला आलो. पुढे त्यांना गणिताचे एक मास्तर आणि दातांची एक डॉक्टरीण येऊन मिळाली. मास्तरांचं दुसरं व्हायोलिन, डॉक्टरणीचा व्हायोला, म्हणजे व्हायोलिनहून जरा मोठा आणि खालच्या आवाजाचा. लोक आम्हाला 'चौकडी' म्हणत. मास्तरांची बायको त्याआधी 'चांडाळ' जोडायची.

पहिल्या कार्यक्रमाला अकरा माणसं होती, त्यातली सात घरची. पण चाळीस वर्षांत आम्ही बरीच मजल मारली. परदेशातल्या स्पर्धेत पहिले आलो, रेडिओवर दर रविवारी सकाळी वाजलो, चार तबकड्या निघाल्या. विमानात माझ्यासाठी वेगळं तिकीट काढावं लागे. खिडकीशी मी बसायचो आणि माझ्या वाटचं जेवण धाकटा हाणायचा.

आमची एक रीत होती. सूर लावायला यंत्र घ्यायचं नाही. ताई डोळे मिटून मनातल्या मनात सूर धरायची, तार जुळवायची आणि बाकीचे तिघे तिच्या तारेवर आपापल्या तारा मिळवायचे. यंत्र लावून तपासणाऱ्यांनाही तिची चूक सापडली नव्हती. ताईला या गोष्टीचा फार अभिमान होता, आणि तो तिला शोभायचाही.

अडतिसाव्या वर्षी एके दिवशी धाकट्याने माझी खुंटी नेहमीपेक्षा कमी पिळली. तार सैल राहिली. मला वाटलं, विसरला असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. ताईचे कान दगा देऊ लागले होते. तिला सूर होता त्याहून चढा ऐकू येई, म्हणून ती तार खाली आणत होती. हे तिघांनाही कळलं. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मुकाट्याने आपल्या तारा तिच्याइतक्या उतरवल्या. चौघे मिळून खाली गेल्यावर कोणाला काय कळणार? एका वर्तमानपत्राने तर लिहिलं, वयानुसार चौकडीचा आवाज भारदस्त झालाय. मला मात्र त्या ढिल्या तारांनी थकवून टाकलं. अंगात जीव नसल्यासारखा वाजत राहिलो.

चाळिसाव्या वर्षाच्या कार्यक्रमासाठी सभागृहवाल्यांनी सोबतीला एक पियानोवाली ठरवली. पियानोच्या दोनशेवर तारा. तो थोडाच आमच्यासारखा ऐनवेळी खाली येणार? धाकट्याने जुळवणाऱ्याला गाठून पियानो उतरवायची गळ घातली. तो म्हणाला, उतरवायला चार दिवस लागतील आणि उतरवला तरी टिकायचा नाही.

तालमीच्या सकाळी ताईने सूर दिला, पियानोवालीने पट्टी दाबली. डॉक्टरणीचेही दात आंबले असतील, इतकं त्यांत अंतर होतं.

"पियानो चढलाय," ताई म्हणाली. "उतरवून घ्या."

मास्तर चष्मा पुसू लागले. डॉक्टरीण व्हायोलाच्या गजाकडे बघत बसली. शेवटी धाकटा ताईकडे वळला.

"ताई, पियानो बरोबर आहे."

"कधीपासून?" तिने विचारलं.

"दोन वर्षं झाली."

तिने व्हायोलिन मांडीवर आडवं ठेवलं. मग म्हणाली, "माझं वयाने चुकलं. तुम्हा तिघांचे कान तर शाबूत होते."

मला तिची कीव आली, आणि त्या तिघांचीही.

"आता सूर तू दे," ती धाकट्याला म्हणाली.

दोन वर्षांनी माझी तार वर चढली. कार्यक्रमात एकही सूर हलला नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आत आल्यावर धाकट्याने भीत भीत विचारलं, कसं झालं?

"मला अख्खा कार्यक्रम बेसूर ऐकू आला," व्हायोलिन पुसत ताई म्हणाली. "प्रत्येक सूर खोटा वाटत होता. तू 'बरोबर आहे' म्हणालास, म्हणून वाजवत राहिले."

चौकडी तिथेच संपली. ताईने पुन्हा व्हायोलिन हातात घेतलं नाही. धाकटा मला अधूनमधून पेटीतून काढतो, पुसतो आणि न वाजवताच परत ठेवतो. उद्या कोणाच्या घरी जाईन, ठाऊक नाही. तुमच्याकडे आलो तर एवढंच करा: आपल्या माणसाचा सूर उतरला, तर त्याच दिवशी त्याला सांगा. मी दोन वर्षं गप्प राहिलो, कारण मला दुसऱ्याच्या हातांनीच बोलता येतं. तुमचं तसं नाही.