टिचकीवाल्यांच्या गल्लीतलं भूत

सकाळचा भोंगा झाला की चिनीमातीच्या कारखान्यात बायका लांब बाकावर ओळीनं बसत. समोर भट्टीतून निघालेले, हाताला अजून कोमट लागणारे कप. एकेक कप उचलायचा, कानाशी न्यायचा आणि नखानं टिचकी मारायची. आवाज स्वच्छ आला, लांबत गेला, की कप चांगला. आवाज बसका आला की आत कुठेतरी तडा आहे, मग तो डोळ्यांना दिसो वा न दिसो. असा कप पायाशी ठेवलेल्या पाटीत टाकायचा. या बायकांना सगळे टिचकीवाल्या म्हणत, आणि त्याही ते नाव दागिन्यासारखं मिरवत.

कारखान्यामागच्या त्यांच्या गल्लीत कान म्हणजेच अब्रू होती. सून बघायला गेलं की रंग-रूप, शिक्षण सगळं मागाहून. आधी मुलीला पाठमोरी बसवायचं आणि मागे दोन कप वाजवून विचारायचं, तडा कुठल्यात आहे? या कथेतल्या सासूबाईंनी आपल्या दोन्ही सुना अशाच वाजवून आणल्या होत्या. त्या स्वतः ऐन उमेदीत बाकावरच्या पहिल्या नंबरच्या टिचकीवाल्या होत्या. आता त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. पण तो म्हातारपणाचा भाग, असं म्हणून घरानं तो विषय केव्हाच मिटवला होता.

कान उतरलेल्या बाईला कारखाना हाकलून देत नसे. तिला माल बांधायच्या शेडमध्ये पाठवत, पेंढ्यात कप गुंडाळायला. काम तसं हलकं, वर सावलीतलं. पण 'ती पेंढ्यात गेली' हे शब्द गल्लीत कुजबुजत बोलले जात, एखादीचं पाऊल वाकडं पडल्यासारखे. चौकात कान तपासणाऱ्या बाईंचा दवाखाना होता, चांगल्या शिकलेल्या, शांत स्वभावाच्या बाई होत्या. पण त्यांचं दार काचेचं आणि समोरच भाजीचं दुकान. आत कोण शिरलं हे कोथिंबीर निवडता निवडता सगळ्या गल्लीला कळायचं. त्यामुळे त्या दारातून गल्लीतली एकही बाई कधी आत गेली नाही. कान पाण्यासारखा वाहून जाईल, पण बोभाटा नको! काय म्हणावं या शहाणपणाला?

यावर गल्लीनं आपला उपाय शोधला होता. कोपऱ्यावरचा घड्याळवाला सेल आणि पट्टे विकता विकता खालच्या कप्प्यातून एक छोटी डबी काढायचा. डबीत कानात घालायचं यंत्र. तपासणी नाही, विचारपूस नाही. कारखान्यात धुळीमुळे सगळ्याच जणी डोक्याला रुमाल बांधत, कानांवरून घट्ट. रुमालाखाली काय आहे हे कोण बघतंय?

थोरली सून बाकावर सासूच्याच जागी बसायची. मोठ्यानं हसणारी, जाड आवाजाची, कामाला वाघ. धाकटी तिच्या शेजारी. सख्ख्या बहिणींना हेवा वाटावा अशा या दोन जावा होत्या. थोरलीचा उजवा कान बिघडतोय हे धाकटीला सगळ्यांच्या आधी कळलं, कारण थोरली हळूहळू कप डाव्या कानाशी न्यायला लागली होती.

एका दुपारी स्वयंपाकघरात दूध उतू गेलं. थोरली शेगडीपाशीच पाठ करून उभी होती आणि तिला फसफस ऐकू आली नाही. धाकटीनं धावत येऊन भांडं उतरवलं. सासूबाई दारातून सगळं बघत होत्या. ज्यांना ऐकू येत नाही त्यांचे डोळे फार तीक्ष्ण असतात.

"कुठला कान?" त्यांनी विचारलं.

थोरलीनं उजव्या कानावर हात ठेवला. "आई, दुखतोही जरा. आणि पाणी येतं त्यातून. वास मारतो."

"मग ताई, दाखवून येऊ ना चौकात," धाकटी म्हणाली. "मी येते बरोबर."

"हो, आणि येताना दवंडी पिटत या!" सासूबाई कडाडल्या. त्यांना धाकटीचे शब्द ऐकू आले नव्हते, तिच्या ओठांवरून कळले होते. "या घरातली बाई आजवर पेंढ्यात गेलेली नाही. मी उद्या घेऊन येते काय ते."

थोरली हसली. "बघ, धाकटे, आईच येतायत मदतीला. आणि तू कुठं बोललीस ना, तर तुझी वेणी कापून ठेवीन."

दुसऱ्या दिवशी सासूबाई स्वतः घड्याळवाल्याकडे गेल्या. गेली कित्येक वर्षं उंबरा न ओलांडलेली म्हातारी काठी टेकत कोपऱ्यापर्यंत गेली, हेही खरं सांगायला हवं. त्यांना सुनेचं वाईट करायचं नव्हतं. जीव होता त्यांचा तिच्यावर. आपल्याकडची बहुतेक पापं अशी जीव लावणाऱ्या माणसांच्या हातूनच होतात.

पहिले काही दिवस घरात आनंदीआनंद होता. यंत्र कानात घातल्यावर थोरलीला भिंतीपलीकडचं घोरणंसुद्धा ऐकू यायचं. "अगं बाई, तुझा नवरा झोपेत आपल्या बाकाशेजारच्या माती दळायच्या चक्कीची नक्कल करतो की काय!" म्हणून तिनं धाकटीला इतकं हसवलं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाकावर तिचा हात पुन्हा भराभर चालू लागला.

पण कानातली घाण थांबली नव्हती. पूर्वी ती बाहेर तरी यायची. आता यंत्राच्या बोळ्यानं तिची वाटच बंद झाली. थोरलीच्या उशीवर पिवळे डाग दिसू लागले. आवाज पुन्हा मंदावला तशी तिनं यंत्राचा आवाज वाढवला, मग आणखी वाढवला. पाणी भरायला उठली की भिंत धरून उभी राहायची.

"ताई, तुम्हाला चक्कर येतेय."

"ऊन फार आहे."

"ताई, डोकं दुखतंय ना? खरं सांगा."

"दुखतंय गं. पण आता सुगीचे दिवस आहेत बाकावर, आत्ता उठले तर माझी जागा दुसरीला देतील. एवढा महिना जाऊ दे. मग तू म्हणशील तिथं येते." आणि तिनं धाकटीचा हात हातात घेतला. तिचा स्वतःचा हात तापानं फणफणलेला होता. "कुणाला सांगू नकोस. माझी शप्पथ."

धाकटीनं शब्द पाळला. शब्द पाळणं ही चांगली गोष्ट असते असं तिला लहानपणापासून शिकवलेलं होतं.

तो महिना सरलाच नाही. बाकावर बसल्या बसल्या थोरलीच्या हातातून कप निसटला, तोंड एका बाजूला वाकडं झालं आणि ती धाकटीच्या मांडीवर कलंडली. इस्पितळात डॉक्टरांनी कानात बघितलं तेव्हा कळलं. कानातला पू हाड पोखरून मेंदूपर्यंत गेला होता. थोरलीचा नवरा, भट्टीवरचा धिप्पाड माणूस, दाराबाहेर जमिनीवर बसून राहिला. सकाळी तिला घरी आणली ती चादरीत गुंडाळून.

गल्लीनं सांगितलं, ताप डोक्यात गेला. घरानंही तेच सांगितलं. कानाचं नाव कुणी काढलं नाही. मेल्यावरसुद्धा तिला पेंढ्यात जाऊ दिलं नाही गल्लीनं!

त्यानंतर त्या घरात वेगळंच सुरू झालं.

सासूबाई भर दुपारी एकदम मान वर करत आणि दाराकडे बघत. "आले गं, आले," म्हणत काठी शोधू लागत. ज्या बाईला भोंगा ऐकू येत नव्हता तिला थोरलीची टिचकी ऐकू येत होती. "अशी कशी बसलीयेस, धाकटे? ती कप वाजवतेय ना केव्हाची. जा, बघ काय हवंय तिला."

धाकटी आधी घाबरली, मग रडली, आणि मग एका दुपारी भांडी घासताना तिलाही ते ऐकू आलं. बारीक, लांबत जाणारी किणकिण. चांगल्या कपाची. तिनं नळ बंद केला, तरी किणकिण चालूच. ती मागच्या दारी गेली, तिथंही होती. थोरली रिकाम्या घरात बसून एकामागून एक कप वाजवते आहे आणि एकही पाटीत टाकत नाही, असं तिला वाटलं. तरी ती पळाली नाही. दोन्ही हातांनी ओटा धरून म्हणाली, "ताई, मी सांगायला हवं होतं. शप्पथ मोडायला हवी होती."

किणकिण थांबली नाही. ती बाकावर ऐकू यायची, जेवताना, नवऱ्याशी बोलतानाही ऐकू यायची. त्या किणकिणीखाली इतर आवाज पुसट होत चालले.

गल्लीला हे कळलं तेव्हा गल्ली जराही लाजली नाही. उलट बायका आपुलकीनं येऊन बसल्या. अमक्या घरी असंच झालं होतं, तमक्या बाईची इच्छा राहिली असेल. कुणी खोली बदलायला सांगितली, कुणी तिचे कपडे देऊन टाकायला. घरात भूत आहे हे गल्लीला चालत होतं. भुतानं कुणाची सोयरीक मोडत नाही. कान मात्र बिघडलेला चालत नव्हता.

धाकटीचा नवरा मात्र भुताला भुलला नाही. एका संध्याकाळी त्यानं तिच्यासमोर डबी ठेवली. घड्याळवाल्याकडची, नवी कोरी.

"हे काय?"

"तुला कमी ऐकू येतंय. मी काय आंधळा आहे? मी मागून हाक मारली तर तू वळत नाहीस." त्यानं आवाज खाली आणला. "घाल गुपचूप. आईला कळू देऊ नकोस, ती खचेल."

धाकटीनं त्याच्याकडे बघितलं. हा माणूस वाईट नव्हता. याच घरातून याच्या वहिनीची तिरडी निघाली होती आणि पुढचा खांदा यानंच दिला होता.

"अहो, ताईला कशानं नेलं हे तुम्हाला माहीत आहे ना?"

"तिचं वेगळं होतं. तिच्या कानातून घाण येत होती. तुझ्या येतेय का?"

"मला काय माहीत? आत कुणी बघितलंय?" तिचा आवाज चढला. "कपाला तडा आहे की नाही हे वाजवल्याशिवाय सांगत नाही आपण. आणि माणसाच्या कानात काय आहे ते न बघताच बूच मारायचं? मी नाही घालणार. परत करा, नाहीतर टाकून द्या."

"आणि गल्ली?"

"गल्लीचं गल्ली बघेल."

दुसऱ्या दिवशी, भाजीच्या दुकानावर सगळ्यात जास्त गर्दी असते त्या वेळी, ती चौकात गेली. रुमाल तिनं मुद्दामच बांधला नव्हता. काचेचं दार ढकलताना मागे एकदम शांतता पसरली ती तिला त्या कमी ऐकू येणाऱ्या कानांनीही कळली.

कान तपासणाऱ्या बाईंनी आधी दिवा घालून कानात बघितलं. मग तिला एका बंद खोलीत बसवलं, कानांवर यंत्र चढवलं आणि बारीक बारीक आवाज ऐकवले. त्या जाड भिंतींच्या खोलीत बाहेरचं काहीच येत नव्हतं. किणकिण मात्र तिथंही होती.

"भूत आहे का हो, बाई?" तिनं बाहेर येऊन विचारलं.

बाई हसल्या नाहीत. "नाही. बाकाशेजारी माती दळायची चक्की आहे ना तुमच्या? त्या आवाजानं कान झिजलाय. झिजलेला कान कधी कधी स्वतःच वाजू लागतो. आत्ता आलात, बरं झालं. चक्कीपासून लांब बसलात तर आहे तेवढा कान राखता येईल. पुढेमागे यंत्र लागलं तर तेही देऊ, तुमच्या कानाला मोजून. यंत्र वाईट नसतं. न बघता घातलेलं वाईट."

भूत नव्हतं. तिला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. इतके दिवस निदान ताई घरात तरी होती.

तिनं मग थोरलीचं सगळं सांगितलं. वास, डाग, चक्कर, ताप. आणि शेवटी विचारलं, "तेव्हा आणलं असतं तर?"

बाई म्हणाल्या, "मी यंत्र दिलंच नसतं. त्याच दिवशी शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं. खात्री कुणीच देऊ शकत नाही. पण अशी माणसं बहुतेक वाचतात."

धाकटी गल्लीत शिरली तेव्हा बायका दारोदार उभ्या होत्या. ती कुणाशी बोलली नाही. सासूबाई घराच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी ती बसली; तिथून तिचे ओठ त्यांना नीट दिसत नव्हते.

"कुठं गेली होतीस?" सासूबाईंनी विचारलं. "आत्ताच वाजवत होती ती."

"आई, ती नाहीये. तो आपला कान वाजतोय. तुमचाही आणि माझाही."

"काय?"

"ताईचा कान दाखवला असता तर ती वाचली असती!"

"नीट बोल. काय म्हणतेस?"

धाकटी थांबली. हे वाक्य कानात सांगण्यासारखं होतं. पण या कानात काही सांगायची सोयच राहिली नव्हती. नुसत्या ओठांवरून एवढं सगळं कळलं नसतं; सांगायचं तर ओरडून, नाहीतर मुळीच नाही. समोरच्या खिडक्या उघड्या होत्या. 'काही नाही' म्हणून हात हलवला असता तरी चाललं असतं. म्हातारी सुखानं टिचकी ऐकत राहिली असती.

ती उठून सासूबाईंच्या समोर उभी राहिली, त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, "कान दाखवला असता तर ताई जगली असती! न दाखवता यंत्र घातलं म्हणून ती गेली! मला माहीत होतं आणि मी गप्प बसले!"

सासूबाई तिच्या ओठांकडे बघत राहिल्या. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. त्या जे बोलल्या ते कारखान्याच्या फाटकापर्यंत ऐकू गेलं.

"मी आणलं होतं ते. मी. माझ्या हातानं."

धाकटीनं त्यांना पोटाशी धरलं. आजूबाजूला कितीतरी बायका डोक्याला घट्ट रुमाल बांधून उभ्या होत्या, आणि त्यातल्या एकीचाही हात आपल्या कानापाशी जायला धजावत नव्हता.